लोधीखेडा ते सोनेगाव

लोधीखेडा हे जाम नदीच्या काठी वसलेले, सौंसर तालुक्यातील एक जुने गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. परंतु सौंसर-पांढुर्ण्याच्या ह्या पट्ट्यात चुलीपाशी बोलली जाणारी भाषा मराठीच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आम्ही त्यात आलो. जिल्हे बदलले तरी गावाची ओळख बदलली नाही. इंग्रजी अमदानीतील जुन्या गॅझेटियरात लोधीखेड्याची नोंद आढळते ती तांब्या-पितळेच्या भांड्यांकरिता. तांबटाच्या हातोडीची ठकठक ऐकतच आमची पिढी लहानाची मोठी झाली. गुंडी, घंगाळ, परात, तांब्या ही नुसती भांडी नव्हती. लेकीच्या लग्नात तिच्या पाठीशी उभे राहणारे ते धन होते. धातू म्हणजे टिकाऊपणा, धातू म्हणजे विश्वास, अशीच माझी समजूत होती.

धातू म्हणजे संशय, असेही एक ठिकाण जगात आहे, हे मला पासष्टी ओलांडल्यावर कळले. ते ठिकाण म्हणजे विमानतळावरील सुरक्षा तपासणीची कमान.

माझी नात आठ वर्षांची आहे. घरात तिला आम्ही छकुली म्हणतो. तेच नाव येथेही चालू द्यावे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तिच्या पायांच्या स्नायूंना कायमची ओढ बसली. ह्या विकाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. तिची बुद्धी तल्लख आहे, जीभ त्याहूनही तल्लख आहे. केवळ पाय ऐकत नाहीत. बाहेर जाताना ती चाकांच्या खुर्चीत बसते आणि घरात कॅलिपर घालून, भिंतीला धरून काही पावले टाकते. हे कॅलिपर म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंत दोन्ही बाजूंनी गेलेल्या धातूच्या पट्ट्या, गुडघ्यापाशी अडकवायची कडी, चामड्याचे पट्टे आणि खाली जड बूट. मुलाचे हाड वाढते, कॅलिपर वाढत नाही. म्हणून ठरावीक काळाने नवे माप द्यावे लागते. त्यासाठी आम्ही मुंबईस हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत जातो. १९५५ साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था आहे.

लोधीखेड्याहून मुंबई म्हणजे आधी नागपूर आणि मग रात्रभराची आगगाडी. छकुली लहान होती तोवर ते जमले. आता तिला डब्याच्या उंच पायऱ्यांवरून उचलताना सूनबाईची कंबर धरते, आणि गाडीतल्या अरुंद शौचालयात एकीने मुलीला धरायचे नि दुसरीने दार धरायचे, अशी कसरत होते. तेव्हा माझ्या मुलाने पैसे साठवून विमानाची तिकिटे काढण्याचे ठरविले. नागपूरहून मुंबई विमानाने दीड तासाची. पण त्या दीड तासाच्या अलीकडे जी पंधरा-वीस मिनिटे लागतात, त्यांविषयी लिहावे म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे. आपले वाचक इंदूर, जबलपूर, बडोदे, हैदराबाद असे सर्वदूर विखुरलेले आहेत. कोणा ना कोणाच्या घरी असे मूल असेल, आणि त्याला घेऊन कधीतरी ह्या कमानीखालून जावे लागेल.

आमचा पहिला अनुभव दोन वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या एका शहराहून आम्ही विमानाने परतत होतो. शहर कोणते ते सांगत नाही. सांगून काही साधणार नाही. रांग मोठी होती. मुलगा पुरुषांच्या रांगेत गेला. सून, छकुली आणि मी स्त्रियांच्या बाजूला. कमानीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी छकुलीकडे न पाहताच सांगितले, "हिला उभी करा."

"तिला उभं राहता येत नाही," सून म्हणाली.

"मग उचलून आणा."

सुनेने उचलले. कमानीखालून जाताच ती किंचाळली. कमानही आणि त्या दचक्याने छकुलीही. मग कॅलिपर काढण्याचा हुकूम झाला. पडदा जवळच होता, पण तो कोणी दाखविला नाही. सर्वांसमक्ष, प्लास्टिकच्या खुर्चीवर तिला बसवून, दोघींनी घाईघाईने पट्टे सोडले. तिचे पाय काठीसारखे ताठ झाले. ते जितके ताठ होत तितकी ओढाओढ वाढे. अखेर कॅलिपर निघाले आणि लोकांचे कमरपट्टे, पाकिटे, मोबाइल फोन ह्यांच्या मागून ट्रेमध्ये पडून क्ष-किरण यंत्राच्या काळ्या पडद्याआड गेले. छकुली मोजे घातलेले पाय लोंबकळत ठेवून त्यांच्याकडे बघत बसली होती. पलीकडे एका गृहस्थांनी आपला पट्टा उचलताना तिचे बूट दोन बोटांनी बाजूला सारले.

कोणी शिवी दिली नाही. कोणी पैसे मागितले नाहीत. ती माणसे आपापले काम करीत होती. आणि मी, जिने चाळीस वर्षे शाळेत मुलांना 'मोठ्याने बोला' म्हणून शिकविले, ती मी एक शब्दही बोलले नाही. हातात पर्स धरून उभी राहिले.

रात्री घरी आल्यावर अंथरुणात छकुलीने विचारले, "आजी, मी काही चोरलं होतं का वं?"

दुसऱ्या दिवसापासून तिने कॅलिपर घालायचे नाकारले. "ते वाजतात," एवढेच म्हणे. एक आठवडा गेला, दोन गेले. कॅलिपर न घातल्याने टाच वर ओढली जाऊ लागली. मोठ्या कष्टाने मिळविलेली दहा-बारा पावले सहा-सातावर आली. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी बजावले की असेच चालू राहिले तर स्नायू आखडतील आणि शस्त्रक्रियेची पाळी येईल. विमानतळावरील वीस मिनिटांची किंमत आमच्या घराने अशी मोजली.

त्या व्यायामाच्या बाईंनीच एक गोष्ट समजावून सांगितली. सेरेब्रल पाल्सीच्या ह्या प्रकारात स्नायू जितक्या वेगाने ओढावा तितका तो अधिक ताठ होतो. मूल भ्यायले, दचकले, तर ताठरपणा आणखी वाढतो. उलट आधी सांगून, सावकाश, उबदार हाताने पाय हलविला तर तोच पाय सैल पडतो. मूल हट्ट करीत नसते. शरीरच तसे वागते. म्हणजे घाई करणाऱ्याचे काम लवकर होत नाही, उशिराच होते. हे ऐकले आणि मला वाटले, हे तर त्या कमानीपाशी उभ्या असलेल्या बाईंनाही कोणी सांगायला हवे होते, आणि ते सांगणारी मी होते.

तेव्हापासून मी ह्या विषयाची माहिती गोळा करू लागले. पहिल्याने तपासणी कशासाठी, तेच पाहू. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेले आपले विमान अपहरण करून कंदाहारला नेले गेले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून प्रारंभ होऊन देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आली. मुलाच्या खुर्चीत वा कॅलिपरात कोणी दुष्टाने काही दडवू शकेल, ही शंका कितीही कडू असली तरी खोटी नाही. ज्या विमानात आपले मूल बसणार, त्या विमानासाठीच ही तपासणी असते. माझे भांडण तपासणीशी नाही; तिच्या रीतीशी आहे.

ह्या रीतीविषयी आपल्या देशात बरेच काही घडून गेले आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कलकत्त्याच्या जीजा घोष एका परिषदेसाठी गोव्यास निघाल्या होत्या. त्यांनाही सेरेब्रल पाल्सी आहे. विमानात जागेवर बसल्यानंतर त्यांना उतरविण्यात आले. ज्या परिषदेला त्या निघाल्या होत्या ती भरविणारी मुंबईची 'अ‍ॅडॅप्ट' ही संस्था. स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ह्या जुन्या नावाने मिठू आलूर ह्यांनी ती १९७२ साली सुरू केली होती. जीजाबाई आणि ही संस्था मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी निकाल लागला आणि विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यावी लागली. त्याच प्रकरणाच्या पुढील सुनावणीत, १ डिसेंबर २०२१ रोजी, न्यायालयाने म्हटले की कृत्रिम पाय किंवा कॅलिपर वापरणाऱ्या प्रवाशाला तपासणीत ते काढावयास लावू नये, आणि कोणाही अपंग व्यक्तीला तिच्या संमतीवाचून उचलणे हे अमानुष आहे.

त्या आधी दोनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, नृत्यांगना सुधा चंद्रन ह्यांनी विमानतळावर दर खेपेस आपला कृत्रिम पाय काढावा लागतो म्हणून जाहीरपणे दुःख व्यक्त केले होते. १९८१ च्या अपघातात पाय गमावून जयपूर फूटवर पुन्हा नाचणाऱ्या ह्या बाईंचा 'नाचे मयूरी' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी १९८६ साली पाहिला असेल. सुरक्षा दलाने त्यांची क्षमा मागितली. पुढे ७ मे २०२२ रोजी रांची येथे एका विशेष गरजा असलेल्या मुलाला विमानात घेण्याचे नाकारण्यात आले. त्या कंपनीला पाच लाख रुपये दंड झाला. त्याच वर्षी नियम बदलला: प्रवासात अशा प्रवाशाची प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटले, तरी आधी डॉक्टरचे मत घ्यावे लागेल; आपल्याच मनाने नकार देता येणार नाही.

संमतीवाचून उचलणे अमानुष, हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले. त्याने पुढे माझीच परीक्षा घेतली.

गेल्या वर्षी पुन्हा मापाची वेळ आली. मुंबईस जायचे म्हणताच छकुलीने मान फिरविली. मी तिला आधी यंत्र समजावून दिले. कमानीच्या खांबांत तारेची वेटोळी असतात, त्यांतून बदलती वीज वाहते आणि भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातू आला की त्या धातूतही सूक्ष्म प्रवाह खेळतात, आणि ते यंत्राला जाणवून यंत्र वाजते. "म्हणजे ते यंत्र आहे एवढंच सांगतं, की इथे धातू आहे," मी म्हणाले. "चोर कोण, साव कोण, हे त्याला कळत नाही. लोधीखेड्याची पितळी परात घेऊन मी गेले तर माझ्यावरही ओरडेल." परात घेऊन विमानात चढणारी आजी तिच्या डोळ्यांपुढे आली असावी, ती हसली.

मग आम्ही घरातच विमानतळ मांडला. दाराची चौकट ती कमान. माझ्या हातातली पितळी पळी ते हाती धरायचे धातुशोधक यंत्र. मी जवान झाले. पळी कॅलिपरजवळ नेऊन तोंडाने पीं-पीं आवाज केला. दोन-तीन वेळा झाल्यावर तिची भीती मोडली. मग मी शिकविले, "जवान ताईंना आधी सांगायचं, मला उभं राहता येत नाही. पायाला हात लावण्याआधी मला सांगा. सावकाश लावा." तिने ते म्हणून दाखविले. खेळ संपला, जेवणाची वेळ झाली, म्हणून मी नेहमीप्रमाणे तिच्या काखेत हात घालून तिला उचलायला वाकले.

"आजी," ती म्हणाली, "तू तर रोजच न विचारता उचलतेस."

मी तशीच वाकलेली राहिले. खरेच होते. आठ वर्षांत तिला मी, तिच्या आईने, काकांनी, शेजारणींनी, शाळेच्या बाईंनी किती हजार वेळा उचलले असेल. एकदाही 'उचलू का?' असे कोणी विचारले नव्हते. मायेने उचलले, घाईत उचलले, पाहुण्यांसमोर, तिचे चित्र काढणे अर्धवट सोडवून उचलले. विमानतळावरच्या त्या परक्या बाईंना मी दोन वर्षे मनातल्या मनात दूषणे देत होते. त्यांनी जे एकदा केले ते आमच्या घरात नित्य चालले होते. फरक इतकाच की आमचे हात ओळखीचे होते. मी खाली बसले आणि विचारले, "उचलू का?" तिने थोडा विचार केल्यासारखे केले आणि म्हणाली, "हे फूल रंगवून होऊ दे." मी थांबले. भात थोडा निवला.

तिकिटे काढतानाच मुलाने चाकांच्या खुर्चीची नोंद केली होती. निदान अठ्ठेचाळीस तास आधी गरज कळवावी, असा नियम आहे. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड, डॉक्टरांचे कॅलिपरविषयीचे पत्र आणि औषधांची चिठ्ठी एका पिशवीत घातली. पहाटे गाडी निघाली. केळोद मागे पडले, सावनेरला चहा झाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा होत्या. राज्याची सीमा कोठे आली ते नेहमीप्रमाणे कोणालाच कळले नाही, पाट्यांवरची हिंदी जाऊन मराठी आली तेव्हा छकुली म्हणाली, "आता आपण बोलतो तसं लिहिलंय."

नागपूरच्या विमानतळाला २००५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. आमच्या पिढीच्या तोंडी अजून सोनेगावच येते. ह्या जागेला एक जुना इतिहास आहे. १९४९ साली रात्रीची विमान-डाक सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या चारही दिशांची विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत आणि पत्रांच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपूर्वी परत फिरत. १९७३ पर्यंत हे चालले. देशाचे मध्य म्हणून नागपूरने अशी सर्वांची पत्रे हाताळली. आमचीही एक नाजूक थैली आज ह्या हातांतून जायची होती.

कंपनीच्या काउंटरवर एका तरुणाने विमानतळाची खुर्ची पुढे आणली आणि छकुलीची खुर्ची सामानात टाकावी का, असे विचारले. ही खुर्ची तिच्या मापाची आहे, दुसरीत तिचा तोल जातो, तेव्हा विमानाच्या दारापर्यंत ती हिच्यातूनच येईल, असे मी सांगितले. दोन वर्षांपूर्वी हे वाक्य माझ्या तोंडून निघाले नसते. त्याने मान डोलावली आणि खुर्चीला चिठ्ठी बांधली. अशी खुर्ची नेण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

मग ती कमान आली. आमची पिशवी पट्ट्यावरून यंत्रात गेली. त्या यंत्राच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि अन्न, कागद, कापड असे पदार्थ नारिंगी दिसतात. मुंबईच्या आप्तांसाठी घेतलेली आमची संत्री त्या पडद्यावरही संत्र्याच्याच रंगाची दिसली, ह्याची छकुलीला फार मौज वाटली. सून आपली तपासणी करून पलीकडे उभी राहिली. स्त्रियांच्या बाजूची जवान ही कोठल्याशा दूरच्या प्रांतातली पंचविशीची मुलगी होती. तिने हिंदीत सुनेला विचारले, "हिला उभं राहता येतं का?"

सून उत्तर द्यायच्या आत खुर्चीतून आवाज आला, तोही हिंदीत. सीमेवरच्या मुलांना दोन्ही भाषा सारख्याच. "दीदी, मला विचारा. मला उभं राहता येत नाही. पायात कॅलिपर आहे. ते वाजेल. त्यात धातू आहे."

जवान क्षणभर थबकली. मग कमानीला वळसा घालून तिने खुर्ची बाजूला घेतली आणि पडद्याआड जायचे का, असे ह्या वेळी छकुलीलाच विचारले. छकुली म्हणाली, आजी हवी. आम्ही तिघी आत गेलो. जवान गुडघ्यावर बसली. हातातले यंत्र फिरले, कॅलिपरपाशी वाजले. छकुली दचकली नाही, माझ्याकडे पाहून तिने ओठांनी पीं-पीं केले. "आता पायाला हात लावते," जवान म्हणाली. तिचा हात थंड असावा. पाय ताठू लागला. छकुलीच्या तोंडून हिंदी निघून गेली आणि "थांबा" असे मराठीतच निघाले. ती मुलगी थांबली. हात मागे घेऊन तिने तळवे एकमेकांवर चोळले आणि वाट पाहत बसली. थोड्या वेळाने छकुलीने मान हलविली, तेव्हा पट्ट्यांवरून, बुटांच्या कडेने, सावकाश हात फिरला. पांढऱ्या कापडाचा एक तुकडा तिने कॅलिपरवरून आणि खुर्चीच्या दांड्यांवरून पुसला आणि बाहेरच्या लहान यंत्रात घातला. स्फोटक द्रव्याचा कण जरी असता तरी त्या यंत्राला वास लागला असता. काही क्षणांत ते काम झाले. कॅलिपर काढावे लागले नाहीत.

बाहेर आमच्यामागे रांग वाढली होती. एक गृहस्थ घड्याळ पाहून, एवढा उशीर का, असे पुटपुटले. मी घड्याळ पाहिले: सारे मिळून बारा मिनिटे झाली होती. घाईने झालेल्या त्या पहिल्या तपासणीला वीस लागली होती. हे त्यांना सांगावेसे वाटले; पण माझी शिक्षिकी मी आवरली. जवानने बोर्डिंग पासवर शिक्का मारला आणि तो सुनेच्या हातात न देता छकुलीच्या हातात दिला.

वाचकांपैकी ज्यांना असा प्रवास घडणार असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. तिकिटाच्या वेळीच गरज कळवा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. घाई हा मुलाच्या स्नायूंचा शत्रू आहे. तपासणीच्या आरंभीच, कोणी काही करण्याआधी, मुलाला काय जमते, काय जमत नाही, धातू कोठे आहे, स्पर्शाने कोठे दुखते हे शांतपणे सांगा. पडद्याआड तपासणी आणि सोबत घरचे माणूस मागा. मुलीची तपासणी स्त्रीनेच करावयाची असते. कॅलिपर वा कृत्रिम पाय काढण्यास सांगितले तर नम्रपणे वरिष्ठ अधिकाऱ्यास बोलावण्याची विनंती करा. शंका उरलीच तर अधिक तपासणी होऊ शकते, पण तिचीही रीत आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, मूल बोलू शकत असेल तर त्यालाच बोलू द्या. बोलता येत नसेल तर खुणेने 'हो' आणि 'थांबा' एवढे दोन शब्द घरी पक्के करून घ्या. घरी पक्के करायचे म्हणजे घरीही ते पाळावे लागतात; ह्यातले कठीण काम तेच आहे.

मुंबईत नवे माप घेतले गेले. दोन इंच उंची वाढली होती. परतीच्या तपासणीतही सर्व सुरळीत झाले असे नाही. एक जवान फार घाईत होती, तिला छकुलीने दोनदा थांबविले. पण थांबविले, आणि रडली नाही.

आता आमच्या घरात एक नवा नियम आहे. पाहुणे येतात, मायेने हात पुढे करतात, आणि कोणीतरी म्हणते, "आधी तिला विचारा." काही जणांना हे चमत्कारिक वाटते, एवढ्याशा पोरीला काय विचारायचे, असे गावातल्या एक आजीबाई मला म्हणाल्याही. मी काही बोलले नाही. छकुलीच म्हणाली, "विचारलं तर मी बहुतेक हो म्हणते."

नव्या कॅलिपरात ती सध्या सोळा पावले टाकते. ते वाजतात खरे. अंगणातल्या फरशीवर टक्-टक् असा आवाज होतो. माझ्या लहानपणच्या तांबटाच्या हातोडीची मला आठवण होते. पुढील वर्षी पुन्हा मापाला जायचे आहे, आणि रांगेत सर्वांत पुढे आपणच राहायचे, असे तिने आतापासून ठरवून ठेवले आहे.